उरलेल्या लोकरीचं छोटं फूल दोन सुयांवर विणायचंय, सल्ला हवा (बजेट 150 रुपये)

गोधडी
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्याच्या 6 तारखेला भाचीचं बारसं आहे. आत्या म्हणून कानात कुर्र करायचा मान माझा. तिच्या टोपड्यावर लावायला एक लोकरीचं फूल मला स्वतःच्या हाताने विणायचं आहे. एकच, चार-पाच सेंटिमीटरचं.

लोकर घरातलीच वापरायची आहे. आजी गेल्या पावसाळ्यात गेली. तिच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात उरलेले गुंडे निघाले, काही लिंबाएवढे, काही सुपारीएवढे. त्यात भावाच्या शाळेच्या, नंतर उसवलेल्या स्वेटरची मरून लोकर आहे. तो पाचवीत असताना आजीने विणला होता, आणि कोपरं झिजल्यावर त्याच लोकरीचं ठिगळही विणून लावलं होतं. मुलीच्या टोपड्यावर बापाच्या स्वेटरची लोकर असावी एवढीच इच्छा आहे. मोजली तर पाच मीटरला थोडी कमीच भरली. शिवाय पिवळी, पोपटी आणि पांढरी थोडी थोडी आहे.

मला टाके घालणं, सुलट, उलट आणि टाके बंद करणं एवढंच येतं. शाळेत हस्तकलेला मफलर केला होता. सुया आजीच्याच, ॲल्युमिनियमच्या, टोपीवर 10 लिहिलंय. क्रोशे येत नाही आणि या फुलासाठी शिकायचंही नाही, कारण आजी दोन सुयांवरच विणायची.

विचारायचं असं: सोपी वीण कुठली? मरून लोकर पुरेल का? मधोमध मोती लावला तर चालेल?

क्रोशेवाली
अगं, फुलासाठी दोन सुया कशाला? क्रोशेची एक सुई 30-40 रुपयांत येते, तुझ्या बजेटमध्ये आरामात बसते. सहा साखळ्यांचा गोल, त्यात मुके खांब (खांब म्हणजे क्रोशेचा उभा टाका, मुका म्हणजे आखूड), मग प्रत्येक पाकळीला एक मुका खांब, तीन खांब, पुन्हा एक मुका खांब. पंधरा मिनिटांत फूल तयार. मी परवा एका बैठकीत अकरा केली. आयर्लंडमध्ये 1840 च्या दशकात बटाट्याचं पीक सडून दुष्काळ पडला, तेव्हा तिथल्या बायकांनी क्रोशेची लेस विणून घरं चालवली. त्या लेसमधला गुलाब आजही जगभर विणतात. आपल्याकडे आंध्रातलं नरसापूरही क्रोशेच्या लेससाठी प्रसिद्ध आहे. क्रोशेचं फूल जसं गोल बसतं तसं सुयांवरचं बसत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

गोधडी
क्रोशेवाली ताई, फुलं सुरेखच होत असतील. पण मला सुयांवरचंच हवंय.

पीठलंभाकरी
क्रोशेच. क्रोशेवालीला अनुमोदन. मी पण क्रोशेवरच करते.

न्यूजर्सीची_पुणेकर
दोन गोष्टी. पहिली, 10 नंबरच्या सुया घेऊ नकोस, त्या 6 मिलिमीटरच्या असतात. फूल बशीएवढं आणि भोकाभोकाचं होईल. दुसरी, एकदाच चांगल्या सुया घे. मी टोकं बदलता येणाऱ्या बांबूच्या सुयांचा सेट घेतला, तिथल्या हिशेबाने साडेसहा-सात हजार पडतील. वायरीला हवं ते टोक जोडायचं. ॲल्युमिनियम हाताला गार लागतं आणि टाके घसरतात. बांबूवर नवशिक्याचे टाके निसटत नाहीत. आठ वर्षं झाली, एकही टोक खराब नाही. आणि लोकर मेरिनो मेंढीची, मऊ घे, बाळाच्या कपाळाला टोचणार नाही.

दादरकर
तिने बजेट 150 लिहिलंय. आणि एवढा खटाटोप हवा कशाला? दादरला स्टेशनबाहेर लोकरीची तयार फुलं डझनावर मिळतात. मी मुलीच्या गॅदरिंगला दोन डझन आणली होती. अर्थात दुसऱ्या दिवशी निम्मी उसवली, कारण मागची टोकं नुसती कापलेली होती, शिवलेली नव्हती. हल्ली काम करून देण्याची वृत्तीच राहिली नाही.

विणकरीण_68
गोधडी बाळा, आधी सुयांचं. तुझ्याकडच्या 10 नंबरच्या सुया अगदी बरोबर आहेत, त्या फेकू नकोस. न्यूजर्सीच्या ताईंचा 10 अमेरिकेतला. आपल्याकडच्या जुन्या सुयांवर इंग्लंडच्या पद्धतीचे आकडे असत, त्यात आकडा चढत जातो तशी सुई बारीक होते. 8 म्हणजे 4 मिलिमीटर, 10 म्हणजे 3.25, 12 म्हणजे 2.75. अमेरिकेत उलटं, आकडा वाढला की सुई जाड. खात्री करायची असेल तर नवी पेन्सिल शेजारी धर. पेन्सिल साधारण 7 मिलिमीटरची असते. सुई तिच्या निम्म्याहून थोडी बारीक दिसली की ती 3.25 ची.

शाळेचे स्वेटर बहुतेक 4 प्लायच्या (प्लाय म्हणजे लोकरीची जाडी, 4 म्हणजे बारीक) लोकरीचे असत, त्यांना 10 नंबर चालतो. फुलाची वीण स्वेटरपेक्षा जरा घट्टच हवी, नाहीतर पाकळी लोळते.

वीण सविस्तर सांगते, पण संध्याकाळी. आत्ता नातू उठलाय.

न्यूजर्सीची_पुणेकर
इथे सगळ्या पॅटर्नमध्ये 10 म्हणजे 6 मिमीच असतं हो. मी जे वापरते तेच सांगितलं. मिलिमीटरच लिहावेत सगळ्यांनी, म्हणजे असा घोळ होणार नाही.

विणकरीण_68
मिलिमीटर लिहावेत हे एकदम मान्य. पण चाळीस वर्षांपूर्वीच्या सुईच्या टोपीवर जे लिहिलंय ते लिहिलंय.

इस्त्रीवाला_नाही
मी पुरुष आहे आणि विणतो. आईचा हात मोडला होता तेव्हा तिचा अर्धा राहिलेला स्वेटर मी पुरा केला, तेव्हापासून सवय लागली. फुलासाठी सगळ्यात सोपी वीण म्हणजे पट्टीचा गुलाब. 20 टाके घाल. दोन ओळी सुलट. मग प्रत्येक टाक्यात दोनदा विणून 40 कर. एक ओळ सुलट. पुन्हा प्रत्येकात दोनदा विणून 80. एक ओळ सुलट, आणि टाके बंद. पट्टीला आपोआप झालर येते. ती मुळाशी धरून गुंडाळायची आणि खालून चार टाके मारायचे. दिसतो अगदी गावठी गुलाब.

एक कळकळीची सूचना. ॲक्रिलिक, म्हणजे कृत्रिम लोकर, असेल तर इस्त्री लावू नकोस. मी बहिणीच्या रुखवतात ठेवायला चौदा गुलाब केले, नीट दिसावेत म्हणून वाफेची इस्त्री फिरवली आणि सगळे ओल्या कागदासारखे लुळे पडले. ॲक्रिलिक एकदा उष्णतेने मेलं की परत उभं राहत नाही. रात्री जागून पुन्हा चौदा विणले.

पीठलंभाकरी
हो, इस्त्री अजिबात नको. माझ्या जावेचंही असंच झालं होतं. पट्टीचा गुलाब छान होतो, मी पण केलाय.

मोहोर
रुखवताचा विषय निघालाच आहे तर सांगते. मी क्रोशेचे गोल रुमाल केले होते आणि ते ताठ राहावेत म्हणून एका ओळखीच्या बाईंच्या सांगण्यावरून साखरेच्या पाकात बुडवून वाळवले. ताठ झाले, काचेसारखे. लग्नाच्या सकाळी उघडून बघते तर मुंग्यांची रांग. कोणीही साखरेचा पाक वापरू नका. साबुदाण्याची खळ बरी.

आणि दारावरच्या लोकरीच्या तोरणाजवळ निरांजन नेताना सांभाळा. आमच्याकडे एक फूल वितळून चौकटीला चिकटलं, अजून डाग आहे.

दादरकर
पितांबरी लावून बघा. चौकट लाकडाचीच ना?

मोहोर
लाकूड नाही, रंगवलेलं लोखंड आहे.

दादरकर
मग गरम पाण्याचं फडकं धरा आणि लाकडी चमच्याने खरवडा. रंग जाईल पण थोडासाच.

स्टेथो
मी लहान मुलांची डॉक्टर आहे, त्यामुळे मोत्याच्या प्रश्नावर स्पष्ट लिहिते. मोती नको, मणी नको, बटण नको, सेफ्टी पिनही नको. फूल टोपड्याला शिवूनच लावा. तान्ह्या बाळाच्या हाताला टोपडं लागलं की ते तोंडात जातं, आणि सुटलेला मोती घशात अडकू शकतो. मागच्या बाजूला लोंबते धागे ठेवू नका. सुटा धागा किंवा लांब केस बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला जातो, रक्त थांबतं, बोट सुजतं आणि बाळ का रडतंय हे घरात कोणालाच कळत नाही. असं मी स्वतः दोनदा धागा कापून सोडवलं आहे. टोपडं समारंभापुरतं घाला, घरात झोपवताना काढून ठेवा. डोकं झाकून झोपलं की बाळाला उकडतं. फुलाला खळ तर कुठलीच नको, साबुदाण्याचीही. ते चोखलं जाणारच आहे.

गोधडी
डॉक्टर, मनापासून आभार. मोती रद्द. मधोमध पिवळी लोकरच घेते.

इस्त्रीवाला_नाही दादा, तुमचा गुलाब आवडला. पण 80 टाक्यांना माझी मरून लोकर पुरेल का?

इस्त्रीवाला_नाही
पुरेल की. छोटंसं तर फूल.

विणकरीण_68
नाही पुरणार. हिशेब मांडू. दोन ओळी 20 च्या, दोन 40 च्या, दोन 80 च्या, म्हणजे 280 टाके. शिवाय घालताना 20 आणि बंद करताना 80. या सुईवर एका टाक्याला दीड सेंटिमीटरच्या आसपास धागा जातो, बंद करताना थोडा जास्तच. सहा मीटर सहज लागतील, वर शिवायला टोक हवंच. तुझ्याकडे पाचसुद्धा नाहीत. शेवटची ओळ बंद करताना लोकर संपणं यासारखं दुःख नाही, मी एकदा अनुभवलंय.

आता पाकळीचं फूल सांगते. यात मधला भाग दुसऱ्या रंगाचा घेता येतो, म्हणून मरून वाचते.

2 टाके घाल. सगळ्या ओळी सुलटच विणायच्या, म्हणजे पाकळी कडेला वळणार नाही. प्रत्येक ओळीच्या पहिल्या टाक्यात दोनदा वीण: आधी पुढून, टाका डाव्या सुईवरून न उतरवता, मग मागून, आणि मग उतरव. एकाचे दोन झाले. असं 8 टाके होईपर्यंत. मग दोन ओळी न वाढवता. धागा वीतभर ठेवून काप. पाकळी सुईवरच राहू दे, मागे सरकव. त्याच सुईवर पुन्हा 2 टाके घालून दुसरी सुरू कर. पाच झाल्या की सुईवर 40 टाके.

आता पिवळी लोकर जोड आणि सगळ्या पाकळ्यांवरून एक सलग ओळ सुलट वीण. इथे पाचही एकमेकींना जोडल्या जातात. सगळ्या पाकळ्यांची दर्शनी बाजू तुझ्याकडेच आहे ना, हे ओळ सुरू करायच्या आधी बघ. माझ्या पहिल्या फुलात एक पाकळी पाठमोरी बसली होती. पुढच्या ओळीत दोन-दोन टाके एकत्र, 20 उरतील. त्यापुढच्या ओळीत पुन्हा दोन-दोन एकत्र, 10. धागा कापून लोकरीच्या बोथट सुईत ओव, दहाही टाक्यांतून काढ आणि ओढ. फूल मिटल्यासारखं गोल येतं. मग पहिली आणि शेवटची पाकळी मागून शिव. पाकळ्यांची टोकं वाढवलेल्या ओळींच्या कडेने तीन-चार इंच आत ओवून टाक, गाठ मारू नकोस.

एका पाकळीला माझ्या हाताने मीटरभर जाते, टोकांसकट. तुझा हात सैल असेल तर जास्त. म्हणून पहिली पाकळी पांढऱ्या लोकरीची करून बघ, मग ती उसव आणि धागा मोजपट्टीवर धर. तुझा खरा आकडा तोच.

क्रोशेवाली
एवढ्या वेळात क्रोशेची पाच फुलं झाली असती. आणि तिला मरून पुरतच नाही तर क्रोशेला कमी लागेल का हे तरी बघा.

विणकरीण_68
क्रोशेला त्याच आकाराला बहुधा जास्तच लागते. खांब जाड असतो.

क्रोशेवाली
माझ्या फुलाला लागत नाही. उद्या वजन करून सांगते.

लडी_उलगडा
मी हे सगळं उशिरा वाचलं. दोन गोष्टी कोणीच लिहिल्या नाहीत. ही लोकर खरी आहे की ॲक्रिलिक? दोन सेंटिमीटरचा तुकडा चिमट्यात धरून पेटवून बघ. केस जळल्यासारखा वास आला आणि बोटांत चुरडणारी राख झाली तर लोकर. वितळून टणक मणी झाला तर ॲक्रिलिक.

खरी लोकर निघाली तर एक मोठा फायदा. तुकडे जोडताना गाठ लागत नाही. दोन्ही टोकांचे पदर दोन-तीन सेंटिमीटर मोकळे करायचे, एकमेकांवर ठेवायचे, पाण्याचा हात लावायचा आणि दोन तळव्यांत जोरात चोळायचे. हात गरम होतात आणि धागा एकजीव होतो. ॲक्रिलिकमध्ये हे होत नाही, कितीही चोळा. मात्र हाच गुण धुताना नडतो. खरी लोकर गरम पाण्यात चोळली की आटून नमद्यासारखी, म्हणजे दाबलेल्या जाड कापडासारखी होते. फूल लावलेलं टोपडं गार पाण्यातच धुवा.

न्यूजर्सीची_पुणेकर
पाच मीटरमधले दोन सेंटिमीटर जाळायला सांगताय तिला?

लडी_उलगडा
हो. कळल्याशिवाय धुणार कशी?

पीठलंभाकरी
गार पाण्यातच धुवायचं, बरोबर. लोकर आटते.

दादरकर
त्यापेक्षा तुळशीबागेत नाहीतर दादरला तोच मरून रंग शोधा. वर्धमान कंपनीच्या मरूनमध्येच चार छटा मिळतात. एक गुंडा आणला की कटकट मिटली. उरलेल्या लोकरीत तोरणही होईल.

मोहोर
तोरण करणार असाल तर सुती करा. आमच्या चौकटीचा डाग पितांबरीनेही गेला नाही, फडक्यानेही नाही.

क्रोशेवाली
वजन केलं. माझं पाच पाकळ्यांचं फूल 3 ग्रॅम भरलं, पण लोकर 8 प्लायची होती. तुलना बरोबर होणार नाही. 4 प्लायचं आज करते.

गोधडी
सगळ्यांचे आभार. सांगते काय काय झालं ते.

टोकाचा तुकडा जाळला. स्वयंपाकघरभर केस जळल्याचा वास. खरी लोकर आहे. आई आतून म्हणाली, तुझी आजी दुसरं काही वापरायचीच नाही.

पांढऱ्या लोकरीची पाकळी केली. पहिल्यांदा आठाऐवजी नऊ टाके झाले, कारण एका ओळीत दोन्ही टोकांना वाढवलं. दुसरी नीट आली. उसवून मोजली तर टोकांसकट 1 मीटर 12 सेंटिमीटर. म्हणजे पाच पाकळ्यांना 5 मीटर 60 लागणार, आणि माझ्याकडे जाळून उरली 4 मीटर 70.

विणकरीण काकू, आता काय करू? टोकं आखूड ठेवू?

विणकरीण_68
टोकं आखूड ठेवू नकोस, धुण्यात सुटतात. डॉक्टरांनी काय लिहिलंय ते आठव. पाचवी पाकळी पोपटी कर, पानासारखी दिसेल.

इस्त्रीवाला_नाही
किंवा पाकळी 8 ऐवजी 6 टाक्यांची कर. पाच बसतील.

क्रोशेवाली
मरूनच्या शेवटच्या भागात पांढरी जोडून दोन रंगी पाकळ्या कर, किंवा अजूनही क्रोशे कर.

लडी_उलगडा
सहा टाक्यांची. पाकळ्या पाचच शोभतात, जास्वंद, सदाफुली, चाफा सगळ्यांना पाच.

न्यूजर्सीची_पुणेकर
मी मरून मेरिनोची अर्धी लडी पाठवू शकते, खरंच. पत्ता कळव.

गोधडी
ताई, तुमचं मन मोठं आहे, पण पाठवू नका.

काल रात्री विणलं. सगळ्यांनी पाचच सांगितल्या, पण मी चार पाकळ्या ठेवल्या. सहा टाक्यांची पाकळी करून बघितली, ती नखाएवढी होते आणि टोपड्यावर हरवते. पोपटी मला नको होती, कारण मग ते बापाच्या स्वेटरचं फूल राहत नाही. आमच्या अंगणात एक्झोरा आहे, त्याच्या फुलाला चारच पाकळ्या असतात, लालच असतो तोही. आजी त्याचा झुपका तसाच देवाला वाहायची.

चार पाकळ्यांचे 32 टाके झाले. पिवळ्याने सलग ओळ, मग 16, मग 8. ओढल्यावर मधोमध बारीक भोक राहिलं, ते त्याच पिवळ्या टोकाने मागून दोनदा शिवलं. रुंदी साडेचार सेंटिमीटर. एक पाकळी इतरांपेक्षा किंचित लांब आली आहे, कारण दोन ओळींऐवजी तीन न वाढवता विणल्या. उसवली नाही. त्या पाकळीच्या धाग्यात स्वेटर उसवताना राहिलेले बाक अजून दिसतात, ओलं करून वाळवल्यावरही गेले नाहीत. भावाने फूल हातात घेतलं, त्या बाकांवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "हे कोपराजवळचं का?"

मरून लोकर 15 सेंटिमीटर उरली आहे. ती डब्यात परत ठेवली.

विणकरीण_68
फोटो टाक बाळा. मागची बाजू पण दाखव.

स्टेथो
मागची बाजू मलाही बघायची आहे.

क्रोशेवाली
4 प्लायचं केलं. 1 ग्रॅमच्या आसपास, स्वयंपाकघराच्या काट्यावर नीट कळत नाही. फूल मात्र सुरेख आलंय, बारशाला भेट म्हणून पाठवते.